खरवडलेलं कपाळ

झालुचे गावात देवाने जसं घडवलं तसं फोटोत कोणीच दिसत नसे. ही करामत गेत्सल लिपनिकची. बाजारचौकात, पाववाल्याच्या वरच्या मजल्यावर, त्याचा स्टुडिओ होता. छप्पर काचेचं, उत्तरेकडे उतरतं, आणि मागे रंगवलेला पडदा: संगमरवरी जिना, दोन मोर आणि गावातल्या कोणी जन्मात न पाहिलेलं तळं. गेली तीस वर्षं कॅथलिक पाद्री, रशियन ठाणेदार, सैन्यात ओढून नेलेली पोरं आणि अमेरिकेला निघालेले शिंपी एकाच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या जिन्यापाशी उभे राहत आले होते. ग्रोद्नोपासून व्हिल्नापर्यंत कुठल्याही चौकात जा, फोटोवाल्याच्या पाटीवर ज्यूचंच नाव असायचं. आम्हाला जमीन घेता येत नव्हती, सरकारी खुर्ची मिळत नव्हती, जुन्या धंद्यांत जुनी माणसं ठाण मांडून बसली होती. हा धंदा नवा होता, त्याला कुंपण घालायचं राहून गेलं होतं. आमच्यातल्या म्हाताऱ्या सोवळ्या मंडळींना माणसाची प्रतिमा करणं पाप वाटे. पण मुलगा आगबोटीवर चढायची वेळ आली की तेही जिना चढून वर येत आणि म्हणत, "लवकर आटप गेत्सल, मी इथे आलोच नाही."

गेत्सलचं खरं कसब कॅमेऱ्यात नव्हतंच. ते खिडकीपाशी, तिरक्या मेजावर होतं. काचेच्या प्लेटवर सगळं उलटं उमटतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्या प्लेटवर तो टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढी आणि बारीक सुरीने नको ते खरवडून टाकी. चामखीळ, देवीचे वण, दारुड्याच्या नाकावरच्या शिरा, सगळं जाई. लग्नाळू पोरींच्या आया त्याला दुवा देत. त्याची बायको स्लावा म्हणे, "हा लग्नाच्या दिवशी माझ्याकडेही सुरी कुठे लावू अशा नजरेनेच बघत होता." बाजारात मात्र गेत्सल एकच बढाई मारी: एकदा आपल्यासमोर बसलेला चेहरा आपण विसरत नाही. ती बढाईच होती. त्याच्या लक्षात राही तो दुरुस्त केलेला चेहरा. मूळचा कसा होता ते काम संपलं की तो विसरून जाई. पण हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

१९०७च्या वसंतात तो आठवडाभर ग्रोद्नोला गेला होता, तिथल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोरांचे फोटो काढायला. सोमवारी तो परतला तर जिन्याच्या तोंडाशी सिनगॉगचा सेवक वाट अडवून उभा.

"वर जाऊ नका. कोणाशी बोलू नका. आधी रब्बींकडे चला."

"अरे, निदान कॅमेरा तर ठेवू दे."

"कॅमेरा मी ठेवतो. तुम्ही फक्त कान बंद ठेवा."

रब्बी ओशर हे पन्नाशीचे, दम्याने बेजार झालेले, प्रत्येक पुरुषाला 'रेब', म्हणजे 'राव', म्हणणारे भले गृहस्थ. टेबलावर लाखेने बंद केलेला लिफाफा होता आणि त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता, जणू तो उडून जाईल.

"बसा रेब गेत्सल. वाटेत कोणी काही बोललं?"

"तुमच्या माणसाने बोलू दिलं तर ना."

"देवाची कृपा. म्हणजे अख्ख्या गावात न विटाळलेला साक्षीदार तुम्ही एकटेच. तुम्हाला दोबाची ब्रायना आठवते? तिच्या लग्नाचा फोटो तुम्ही काढला होता."

ब्रायना कोणाला आठवणार नाही? उकडलेले चणे विकणाऱ्या दोबाची ती एकुलती एक लेक. एकोणिसाव्या वर्षी तिचं कोपलशी लग्न झालं. कोपल लांबून आलेला, अनाथ, लाकडांचे तराफे नेमान नदीतून खाली नेणारा. वर्षभर संसार झाला. मग बर्फ वितळल्यावर तो तराफ्यावर चढला आणि परत आला नाही. त्याला चार वर्षं झाली होती. बुडाला म्हणावं तर पुरावा नाही, पळाला म्हणावं तर सोडचिठ्ठी नाही. अशा बाईला आमच्यात बांधलेली म्हणतात. जोवर नवरा मेला हे सिद्ध होत नाही किंवा तो स्वतःच्या हाताने सोडचिठ्ठी देत नाही, तोवर तिला दुसरं लग्न करता येत नाही. केलंच, आणि पहिला उद्या दारात उभा राहिला, तर दुसऱ्यापासून झालेली मुलं पिढ्यानपिढ्या बहिष्कृत. ब्रायना ना नवऱ्याची होती, ना विधवा.

रब्बींनी झालेली हकीकत सांगितली. नदीच्या खालच्या अंगाला एका शहरात पोलिसांनी जुनी दप्तरं आवरायला काढली होती. बेवारस प्रेतांचे फोटो काढून ठेवलेले असतात, ते त्यांनी वरच्या गावांकडे ओळख पटवायला पाठवले. त्यात चार वर्षांपूर्वी पाण्यातून काढलेल्या एका तरुणाचा फोटो होता. ठाणेदाराने ब्रायनाला बोलावून तो दाखवला. ती फोटो हातात घेऊन चौकात धावली, "कोपल आहे, माझा कोपल," म्हणत. मासेवाल्यांनी पाहिला, तिच्या आईने पाहिला, प्रार्थनेहून परतणाऱ्यांनी पाहिला. रब्बींच्या हाती तो पडेपर्यंत झालुच्यात तो न पाहिलेलं माणूस उरलं नव्हतं.

"चेहरा पाण्याने फुगलेला आहे," रब्बी म्हणाले. "चेहऱ्यावरून मी काही ठरवू शकत नाही. ठरवता येईल ते पक्क्या खुणेवरून. पण खूण सांगणाऱ्याने ती फोटोत पाहून सांगितलेली चालत नाही, आधीपासून माहीत असलेली पाहिजे. आता जो तो येऊन मला खूण सांगतो. जो कोपलशी एक शब्द बोलला नाही तोही सांगतो."

"आणि कोपल तर टोपी भुवयांपर्यंत ओढून हिंडायचा," गेत्सल म्हणाला.

"जेवतानासुद्धा. टोपी मागे सारून, उजेडात बसवून त्याला नीट पाहिलेली माणसं दोन, एक बायको आणि दुसरे तुम्ही. बायकोने फोटो पाहिला. तुम्ही पाहिलेला नाही." ते खोकले. "बांधलेल्या बाईच्या बाबतीत शास्त्र मऊ आहे. दोन साक्षीदार लागत नाहीत, एक पुरतो. गुरुवारी सकाळी मी दोन पंच बसवतो. तुम्ही कोपलची खूण सांगायची, मग मी लिफाफा फोडेन. जुळली तर ब्रायना त्याच दिवशी मोकळी."

"आणि आठवलं नाही तर?"

"तर नाही म्हणा. आठवत नाही म्हणाल तर मला वाट काढता येते. कोव्हनोच्या मोठ्या रब्बींना लिहीन. उंची, सदरा, तारीख, सगळं मांडेन. वर्ष लागेल, दोन लागतील, पण दार उघडं राहील."

दोन वर्षं. गेत्सलला शाखना आठवला. शाखना खोगीरं शिवणारा, विधुर, तीन पोरांचा बाप. गेलं वर्षभर तो ब्रायनाच्या आईकडून रोज चणे घेत होता आणि त्याला चणे पचत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मध्यस्थ त्याच्या मागे दुसऱ्या स्थळासाठी लागला होता. शाखनाने त्याला येत्या सणापर्यंत थांबायला सांगितलं होतं. धाकटं पोर जेमतेम दोन वर्षांचं होतं, त्याला आई हवी होती.

"आठवेल," गेत्सल म्हणाला. "मी चेहरा विसरत नाही."

खरं तर त्याला आठवत नव्हतं. पण त्याची काळजी त्याला वाटली नाही, कारण प्लेट होती. गेत्सल प्लेटा फेकत नसे. माळ्यावर लाकडी खोक्यांत पाच हजार काचा रचलेल्या होत्या. पेन्सिलीचं काम प्लेटवरून टर्पेंटाईनने पुसता येतं. पुसलं की खाली मूळचा माणूस जसाच्या तसा.

ते तीन दिवस गावाने जे केलं ते झालुच्याच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. शेजारणीच्या रश्शात मीठ कमी पडलं तर नदीपलीकडे कळणारं गाव, पण गेत्सल दिसला की सगळे तोंड शिवून बसत. पाववाला त्याला पाव देताना छताकडे बघे. सिनगॉगमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहत, न जाणो कोणाच्या तोंडून निसटायचं. सगळ्यांनाच ब्रायना मोकळी व्हायला हवी होती.

बुधवारी दोबा जिना चढून वर आली. गेत्सल तेव्हा माळ्यावरून विसावं खोकं उतरवत होता. तिने गरम चण्यांचं भांडं मेजावर ठेवलं आणि ती उभीच राहिली.

"सापडली का हो?"

"सापडेल. स्लावाने दोन खोकी बागवानाला दिली, त्याच्या काचघरासाठी. त्यात गेली नसेल तर सापडेल."

"तीन वर्षांपूर्वी दिली," आतून स्लावा म्हणाली, "आणि तूच दे म्हणाला होतास."

दोबाचे ओठ हलले. मग तिचा उजवा हात हळूहळू वर जाऊ लागला, कपाळाकडे.

गेत्सलने घट्ट डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. "दोबा, हात खाली घे. मला काही दाखवलंस तर माझी साक्ष बाद होईल आणि तुझी पोर जन्मभर तशीच राहील. घेतलास का खाली?"

"घेतला," दोबा म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं. "देव तुमचं भलं करो. तुमच्यासारखा सरळ माणूस नाही."

ती गेल्यावर अर्ध्या तासाने प्लेट सापडली. कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: ब्रायना व कोपल. गेत्सलने ती खिडकीशी धरली. दोघं उभी, पूर्ण उंचीची, मोरांच्या मधे. कोपलचं डोकं अंगठ्याच्या नखाएवढं. टोपी मागे सारलेली, कपाळ अंड्यासारखं गुळगुळीत.

त्याने कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला आणि चेहऱ्यावर फिरवला. पेन्सिल विरघळली. आधी गालांवरचे देवीचे वण परत आले, मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मग ब्रायनाच्या हनुवटीवरचा तीळ. चार वर्षं नाहीसा झालेला माणूस नखाएवढ्या जागेत परत येत होता. आनंदाने त्याने स्लावाला हाक मारली. मग त्याने भिंग घेतलं आणि कपाळ पाहिलं.

कपाळावर काही परत आलं नव्हतं. डाव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा, आडव्या ओरखड्यांचा एक पट्टा होता, खरखरीत आणि पारदर्शक.

पेन्सिलीने भरतात ती काळी खूण. चकचकणारा जुना व्रण उजेडात पांढरा दिसतो, म्हणजे प्लेटवर काळा उमटतो. तो पेन्सिलीने जात नाही, सुरीने खरवडावा लागतो. आणि सुरीने गेलेलं टर्पेंटाईन काय, देवही परत आणू शकत नाही.

"काय झालं?" स्लावा म्हणाली.

"इथे व्रण होता. मी काढला."

"कसला व्रण?"

गेत्सल आठवू लागला. कोपल खुर्चीपाशी उभा आहे, आपण पुढे होऊन त्याची टोपी मागे सारतो. कपाळ दिसतं. पण दिसतं ते गुळगुळीत कपाळ, फोटोतलं, दुरुस्त केलेलं. त्यामागे जायचा त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. पाच हजार काचा, त्यांवर हजारो चेहरे, आणि त्यांतल्या एकाचाही मूळ चेहरा त्याच्याजवळ नव्हता. त्याला भीती वाटली.

"नाही आठवत ना?" स्लावाने विचारलं. "मग उद्या नाही म्हण. रब्बी बघतील पुढचं. तेच म्हणाले ना?"

"गेत्सल लिपनिक उभा राहून म्हणणार, की चेहरा आठवत नाही?"

"हो. म्हण. तोंडाला फोड येणार नाही."

"शाखना दोन वर्षं थांबणार नाही, स्लावा."

"ते शाखनाचं शाखना बघेल. तू मोठेपणा मिरवायला जाऊ नकोस. तुला लोकांचं भलं करायची खोड आहे आणि ती माणसाला न विचारता करायची खोड आहे."

तो ऐकत नव्हता. तो भिंगातून पट्टा पाहत होता. जागा तर कळत होती, डावीकडे, भुवईच्या वर. आकारही कळतच होता की, ओरखडे आडवे होते. म्हणजे व्रणही आडवाच असणार. हे खोटं कसं? पुरावा काचेवर होता. फक्त 'काचेवरून ओळखलं' याऐवजी 'आठवतंय' म्हणायचं, एवढाच फरक. व्रण आपण पुसला, तर परतही आपणच आणायला नको का?

गुरुवारी सकाळी रब्बींच्या खोलीत खाटीक आणि शाळामास्तर पंच म्हणून बसले होते. लिफाफा टेबलावर होता. बाहेर अंगणात ब्रायना, दोबा, आणि जरा लांब, फाटकाशी, कामाच्या कातडी एप्रनमध्ये शाखना. खिडकी बंद होती. रब्बींनी मुद्दाम बंद करून घेतली होती.

"रेब गेत्सल, तुम्ही हा फोटो पाहिलेला नाही?"

"नाही."

"कोणी तुम्हाला खूण सांगितली नाही?"

"नाही." इथपर्यंत सगळं खरं होतं.

"मग सांगा. कोपलच्या चेहऱ्यावर एखादी पक्की खूण तुम्हाला आठवते का? नसेल आठवत तर नाही म्हणा. घाई नाही."

"आठवते," गेत्सल म्हणाला. "कपाळावर, डावीकडे, भुवईच्या वर. जुना व्रण."

शाळामास्तरांनी मान वर केली. खाटकाने दाढीतून सुस्कारा सोडला. रब्बींचा चेहरा उजळला आणि ते पुढे झुकले. त्यांना ब्रायनाला मोकळं करायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"व्रण तर शंभर जणांना असतो. कसा होता?"

"आडवा. भुवईला समांतर. पाऊण बोट लांब. पांढरा, चकचकीत. मी स्वतः टोपी मागे सारली होती, अजून डोळ्यांसमोर आहे."

"आडवा?"

"आडवा. शपथेवर सांगतो."

रब्बींनी लाख फोडली, फोटो काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

फुगलेला चेहरा, मिटलेले डोळे. टोपी नाही. कपाळावर डावीकडे एक व्रण होता, पांढरा, चकचकीत. तो भुवईपासून सरळ वर चढून केसांत शिरला होता, उभा.

गेत्सलला तेव्हा कळलं. सुरी आडवीच चालते. कपाळावर ती तो नेहमी आडवीच चालवायचा, आठ्यांच्या दिशेने, म्हणजे खरवडलेलं दिसत नाही. काचेवरचा पट्टा व्रणाचा नव्हता, त्याच्या हाताच्या सवयीचा होता. नवशिक्या फोटोवाल्यालाही जे कळलं असतं, ते त्याला तीस वर्षांनी कळलं.

"मला आठवत नव्हतं," तो म्हणाला. "रब्बी, मी खोटं बोललो. मी काच पाहून अंदाज केला. मला काहीच आठवत नाही. नाही असं लिहा."

"साक्षीदार एकदा बोलला की त्याला मागे फिरून दुसरं बोलता येत नाही," रब्बी म्हणाले. "हे मी केलेलं नाही. हे माझ्या आजोबांच्या आजोबांच्या आधीपासून असं आहे."

"पण मीच सांगतोय ना, की खोटं होतं!"

"शपथेवर खोटं बोललो म्हणणाऱ्याचं दुसरं बोलणं मी कसं खरं मानू? ब्रायनावर दया करून तुम्ही आता बोलताय की मघाशी बोललात?"

"मग कोव्हनोला लिहा. तुम्ही म्हणाला होतात."

"काय लिहू? कोपलला उजेडात पाहिलेला एकुलता एक साक्षीदार म्हणतो, की खूण वेगळी होती, हा माणूस दुसराच आहे? आजवर कोणी असं म्हणालं नव्हतं, रेब गेत्सल. आजवर फक्त माहीत नव्हतं." त्यांनी फोटो परत लिफाफ्यात घातला. "नाही म्हणायचं होतं हो तुम्ही. मी दोनदा सांगितलं."

खाटीक उठून खिडकीकडे गेला आणि बाहेर न बघता परत आला. शाळामास्तरांनी लेखणी शाईत बुडवली. त्यांना लिहावंच लागलं.

गेत्सल अंगणात आला. ब्रायना धावत पुढे आली. आता बोलायला बंदी नव्हती. तीन दिवस कोंडलेलं सगळं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं.

"गेत्सलकाका, सांगितलंत ना? उभा होता ना? भुवईपासून थेट केसांत. लहानपणी बर्फावर पडला होता तो. मी अंधारातसुद्धा बोटाने ओळखायचे. तुम्हाला आठवला ना?"

"मी आडवा म्हणालो," गेत्सल म्हणाला.

ब्रायनाला आधी कळलं नाही. ती हसतच होती. मग तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारात रब्बी उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

"पण तुम्हाला आडवा आठवला होता?"

"मला काहीच आठवलं नव्हतं, पोरी."

"मग बोललात कशाला?"

त्याच्याजवळ उत्तर होतं, की तुझं भलं व्हावं म्हणून. ते जिभेवर आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

फाटकाशी शाखना थोडा वेळ उभा राहिला. त्याने एप्रनला हात पुसले, जरी ते कोरडे होते. एकदा ब्रायनाकडे पाहिलं. पुढे यावं की नाही हे त्याला ठरवता येत नसावं. मग तो फाटक हळूच ओढून घेऊन निघून गेला. घरी तीन पोरं होती, त्यांना दुपारचं जेवण द्यायचं होतं.

ब्रायना विहिरीच्या कठड्यावर बसली. गेत्सलला वाटलं, तिने ओरडावं, थुंकावं, दगड उचलावा. तिने डोक्यावरचा रुमाल, लग्न झालेल्या बायका बांधतात तो, सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला.

"किती वर्षांची झाली ही?" रब्बींनी दोबाला हळूच विचारलं.

"चोवीस," दोबा म्हणाली. "माझी आई ब्याऐंशीची होऊन गेली आणि आजी नव्वदीची. आमच्या घरात बायका लवकर मरत नाहीत, रब्बी."